पिना मोजणारे बनसोडे

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर काहीच आलं नाही. जोडणीला आलेल्या माणसाने बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग दुसरं मशीन लावून पाहिलं, मग तिसरं. तिन्हींचे पंखे झकास फिरत होते. उत्तरेश्वर बनसोडे नोंदवही छातीशी धरून भांडाराच्या दारात उभे होते आणि दर वेळी पंख्याचा आवाज आला की त्यांना वाटायचं, आता होईल.

"चालत नाहीत," जोडणीवाला म्हणाला.

"का?"

"ते मला काय माहीत? मला जोडायला सांगितलंय. चालवायला नाही."

त्याने पेचकस पिशवीत टाकला, चहा येणार आहे का ते विचारलं आणि येणार नाही असं कळल्यावर निघून गेला.

बनसोडे हे पुण्यातल्या एका निमसरकारी कार्यालयाचे भांडारपाल. कुठल्या तालुक्यात किती पाऊस पडला, कुठल्या कालव्याला किती पाणी सुटलं, याच्या सत्तर वर्षांच्या नोंदी त्या कार्यालयात जाडजूड वह्यांमध्ये पडून होत्या आणि त्या कॉम्प्युटरवर चढवायचं २००२ साली एकदाचं ठरलं होतं. बारा कॉम्प्युटर मंजूर झाले. आता बारा कॉम्प्युटर घ्यायचे म्हणजे दुकानात जाऊन बारा कॉम्प्युटर घ्यायचे, असं ज्याला वाटतं त्याने सरकारी खरेदी कधी पाहिलेली नाही. अख्खा कॉम्प्युटर घ्यायला मुख्यालयाची मान्यता लागते आणि ती येईपर्यंत वह्यांना वाळवी लागते. सुट्या भागांना मात्र मान्यता लागत नाही. तेव्हा साहेबांनी, म्हणजे कार्यकारी अभियंता अभय निंबाळकरांनी, तोड काढली. मदरबोर्डाचा एक प्रस्ताव, प्रोसेसरचा दुसरा, कॅबिनेटचा तिसरा, असे सात प्रस्ताव झाले. प्रत्येकाला तीन-तीन दरपत्रकं आली आणि ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला तो भाग पुरवायचं काम मिळालं. बोर्ड एकाकडून आले, प्रोसेसर दुसऱ्याकडून, बाकीचं कुठून कुठून. हे सगळं एकमेकांशी जमतं का, ते पाहायचं काम कुठल्याच प्रस्तावात नव्हतं. जे कुठेच नसतं ते भांडारपालाकडे येतं, तसं तेही आलं.

बनसोड्यांनी ते पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, मोजलं होतं. बोर्डाच्या खोक्यावर 'सॉकेट ३७०' असं छापलेलं होतं आणि प्रोसेसरच्या खोक्यावरही तेच होतं, पण छापलेल्यावर भरवसा ठेवतील ते बनसोडे कसले. पाइप आले की ते आटे मोजत, नट आले की एकेक बोल्टावर फिरवून पाहत. इथे प्रोसेसर म्हणजे दोन-तीन बोटं रुंद अशी चौकोनी फरशी, तिला खालून केसासारख्या बारीक पिना, आणि बोर्डावर त्या शिरायला भोकं. त्यांनी टेबलावर धुतलेला रुमाल पसरला, भिंग घेतलं आणि रिकाम्या रिफिलच्या टोकाने ओळीमागून ओळ मोजून काढली. पहिल्या प्रोसेसरच्या पिना तीनदा, बाकी अकरांच्या दोनदोनदा. मग बाराही बोर्डांची भोकं. चार दिवस लागले, मान आखडली, संध्याकाळी बसचा नंबर दिसेना झाला. पण सगळीकडे तीनशे सत्तरच भरले. शेवटी एक प्रोसेसर बोर्डात ठेवून पाहिला तर तो अलगद बसला. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, 'प्रत्यक्ष तपासले, जुळते', आणि खाली सही केली.

ती सही आता कोरडी होऊन पंधरवडा झाला होता आणि मार्च संपायला दहा दिवस उरले होते.

एकतीस मेला बनसोडे निवृत्त होणार होते. चौतीस वर्षं नोकरी झाली आणि सेवापुस्तकात एकही ताशेरा नव्हता. दुसऱ्या कुणाला यात फार काही वाटणार नाही. कार्यालयात असे लोक होते की ज्यांच्या सेवापुस्तकात ताशेऱ्यांसाठी जादा पानं चिकटवावी लागली होती आणि तेही मजेत पेन्शन खात होते. बनसोड्यांचं तसं नव्हतं. त्यांचे वडील बार्शीकडचे, छप्पन साली धम्मात गेलेले. घरातले देव गेले, पोराचं उत्तरेश्वर हे नाव तेवढं राहिलं, कारण शाळेत ते घालून झालं होतं. हा उत्तरेश्वर अडुसष्ट साली नोकरीला लागला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच्या मोजणीत एक फावडं कमी भरलं. बारा हवी होती, अकरा झाली. हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणाले, "यांना घेतलं की असंच व्हायचं." बारावं फावडं तासाभराने दाराआड सापडलं. पण 'यांना' हा शब्द काही परत गेला नाही. त्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सिमेंटची दहा पोती चुकवली होती, तेव्हा हेच हेडक्लार्क म्हणाले होते, की घाईत होतं असं कधी कधी. घाईत चूक होण्याची सवलत आपल्याला नाही, हे चोवीस वर्षांच्या बनसोड्यांनी त्या दिवशी ओळखलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट दोनदा मोजत आले. चौतीस वर्षं दोनदा मोजायचं म्हणजे अडुसष्ट वर्षांची नोकरी होते. माणूस थकणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बोर्ड आणि एक प्रोसेसर कापडी पिशवीत घातला, साहेबांच्या परवानगीची चिठ्ठी घेतली आणि बसने तपकीर गल्ली गाठली. बोर्ड पुरवणारा रियाज बागवान तिथे एका जिन्याखालच्या दुकानात बसायचा. वडील आणि चुलते मार्केट यार्डात फळांचे व्यापारी, आणि हा एकटा त्या घरातून उठून मदरबोर्ड विकायला बसलेला. दुकानाला वर्षही झालं नव्हतं. सरकारी कार्यालयाला माल पुरवण्याची त्याची ही पहिलीच खेप होती.

"या काका, बसा," म्हणत त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं. बनसोड्यांनी पिशवीतून दोन्ही वस्तू काढल्या. रियाजने प्रोसेसर हातात घेतला, त्याच्या पाठीवर कोरलेली बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली आणि मग तो बोर्डाकडे पाहत राहिला.

"हा यावर नाही चालणार."

"का नाही चालणार? दोन्ही तीनशे सत्तर आहेत. मी मोजलेत."

"मोजलेत म्हणजे?"

"पिना. भोकंही."

रियाजने कपाळाला हात लावला. "बाराच्या बारा? काका, एक पिन वाकली असती ना, तर प्रोसेसर गेला होता."

"एकही वाकलेली नाही," बनसोडे म्हणाले, आणि एवढ्या अडचणीतही त्यांच्या आवाजात थोडा तोरा आलाच.

मग रियाजने त्यांना समजेल असं सांगितलं. सॉकेट तेच आहे, पिनाही तेवढ्याच. पण हा प्रोसेसर नव्या जातीचा आहे. त्याला वीज कमी दाबाने लागते आणि ती तशी द्यायची कशी, हे या जुन्या बोर्डाला ठाऊकच नाही. टॉर्चचा बल्ब घरातल्या होल्डरमध्ये बसला म्हणून तो घरच्या लायनीवर चालतो का? तसं आहे हे. कंपनीने सॉकेट बदललं नाही आणि सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. बोर्डाच्या कागदावर खाली कुठले प्रोसेसर चालतात त्यांची यादी असते, ती पाहायची. पिना मोजून यातलं काही कळत नाही.

त्याने फळीवरून दुसरा बोर्ड काढला, दिसायला हुबेहूब तसाच. त्यात तोच प्रोसेसर बसवला, वर पंखा लावला, वायरी जोडल्या. टूं असा बारीक आवाज झाला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. बनसोडे ती अक्षरं शेवटपर्यंत वाचत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण चार दिवसांच्या मोजणीचा निकाल त्यात होता.

"मग तुम्ही असले बोर्ड दिलेत कशाला?" त्यांनी विचारलं.

पुढ्यातला स्क्रू डबीत टाकत रियाज म्हणाला, "मी फोन केला होता तुम्हाला. विचारलं होतं, प्रोसेसर कुठला बसवणार?"

बनसोड्यांना आठवलं. जानेवारीत फोन आला होता. आणि त्यांनी उत्तर काय दिलं होतं, तेही शब्दन्‌शब्द आठवलं. ते म्हणाले होते, "तो वेगळा प्रस्ताव आहे. एका दरपत्रकाची माहिती दुसऱ्या पुरवठादाराला देता येत नाही." नियम तसाच होता. नियम पाळल्याचं समाधान घेऊन त्यांनी फोन ठेवला होता आणि वर डबा उघडून शांतपणे जेवलेही होते. आता ते समाधान आठवून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तुमच्या कागदात नुसतं तीनशे सत्तर होतं," रियाज म्हणाला. "मग मी सगळ्यात स्वस्त तीनशे सत्तर दिला."

"बदलून मिळतील?"

"मिळतील. नव्या बोर्डाला थोडा वरचा दर पडतो, तो मी पाहतो. पण मला ज्यांच्याकडून माल येतो, त्यांना पत्र लागेल. की मागणी करताना आमच्याकडून चुकलं, माल बरोबर होता. तसं पत्र असलं की ते चार दिवसांत बदलून देतात. खराब निघाला म्हणून दिला तर ते तपासायला ठेवतात, दोन महिन्यांनी 'काही दोष नाही' म्हणून परत पाठवतात." त्याने पडद्याची वायर काढली. "आणि काका, माल चुकीचा दिला असं तुमच्या ऑफिसने लिहिलं, तर माझं नाव काळ्या यादीत जाईल. मग पुण्यातलं कुठलंच ऑफिस मला विचारणार नाही. घरचे वाटच बघतायत, कधी हा दुकान बंद करून गाळ्यावर येतोय याची."

बनसोड्यांनी दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही, घ्यायचा नियम नव्हता.

निंबाळकर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते. दर तीन वर्षांनी बदली होणारा माणूस जितका चांगला असू शकतो तितके ते होते.

"सोपं आहे हो," ते म्हणाले. "पुरवठादाराने विसंगत माल दिला. ताबडतोब बदलून द्यावा, अन्यथा नाव काळ्या यादीत टाकू. ठोका पत्र. मी सही करतो."

"पण साहेब, माल त्याने मागणीप्रमाणेच दिला होता."

"मागणी कुणी लिहिली?"

"मी."

"तपासून सही कुणी केली?"

"मीच."

"मग?" साहेबांनी हात पसरले. "अहो, दोन महिने राहिलेत तुमचे. चूक आमची असं लिहून दिलंत तर उद्या लेखापरीक्षणवाले ते पत्र बरोबर शोधून काढतील. चौकशी, ज्ञापन, खुलासा, आणि शेवटी ताशेरा. कशाला? बागवानचं काय, तो व्यापारी माणूस आहे, दुसऱ्या नावाने दुकान काढेल. तुमचं सेवापुस्तक कोरं आहे ते कोरंच घेऊन घरी जा."

हे ते बनसोड्यांच्या भल्यासाठीच बोलत होते, आणि तीच खरी अडचण होती. दमदाटी केली असती तर बनसोड्यांना ताठ उभं राहणं सोपं गेलं असतं.

धायरीला घरी पोचेपर्यंत त्यांचे पाय भरून आले होते. जेवताना त्यांनी सरोजिनीबाईंना सगळं सांगितलं. सरोजिनीबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एरवी कुठल्याही गोष्टीवर मत तयार असलेल्या. त्या दिवशी त्यांनी नुसती आमटी वाढली.

"तुला काय वाटतं?" बनसोड्यांनी विचारलं.

"मला विचारू नका."

"का?"

"अहो, मला विचारलंत तर मी माझ्या माणसाच्या बाजूने बोलणार. चौतीस वर्षं तुम्ही रात्री अंथरुणात पडल्यापडल्या बोटं मोजताना मी बघितलंय. ते सगळं वाया जाऊ दे, असं माझ्या तोंडून यायचं नाही." त्यांनी भाताचं भांडं पुढे सरकवलं. "आणि त्या पोरावर ढकला असं सांगितलं तर मला माझं तोंड आवडणार नाही. तेव्हा तुमचं तुम्ही बघा."

बनसोडे हसले आणि हसल्यावर त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी भात कालवायला घेतला. त्यांना राग येत होता. रियाजचा नाही, साहेबांचाही नाही. आयुष्यात एक चूक झाली, ती अशी शेवटच्या वळणावर आणि एवढी मेहनत करून झाली, याचा. आळसाने झाली असती तर निदान आळस तरी पदरात पडला असता.

सकाळी कार्यालयात कुणी यायच्या आत त्यांनी पत्र लिहिलं. कच्चा मसुदा केला नाही. 'विषयांकित मदरबोर्ड पुरवठादाराने आमच्या मागणीनुसार पुरवले होते. मागणीत प्रोसेसरचा प्रकार नमूद करण्यात आला नव्हता. पुरवठादाराने दूरध्वनीवरून त्याबाबत विचारणा केली असता ती माहिती भांडारपाल यांनी दिली नाही. तपासणीही भांडारपाल यांच्याकडून चुकीच्या पद्धतीने झाली. पुरवठादाराचा दोष नाही. तरी बोर्ड बदलून मिळावेत.' 'भांडारपाल' हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा पुन्हा वाचून पाहिला.

साहेब आले तेच फोन कानाला लावून. बनसोड्यांनी पत्र समोर ठेवलं. साहेबांनी फोनवर बोलता बोलता खिशातलं पेन काढलं, बरोबर जागा शोधली, सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. नजर कागदावर गेलीसुद्धा नाही.

झालं होतं की काम. कागद उचलायचा, शिक्का मारायचा, तपकीर गल्लीला पाठवून द्यायचा. कुणाला कळायच्या आत बारा मशीन चालू झाली असती. बनसोड्यांचा हात कागदाकडे गेला आणि तिथेच थांबला. साहेबांची सही अशी फसवून घेतलेली त्यांना नको होती.

साहेबांनी फोन ठेवला. "काय हो? झाली ना सही?"

"वाचून करा, साहेब."

"तुमचं काय वाचायचं, बनसोडे!" साहेब हसले. "मी चार्ज घेतला ना, तेव्हा आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं, सगळं बघा, भांडाराचं काही बघू नका. बनसोडे आहेत. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी तेच सांगितलेलं. तुमचा कागद या खुर्चीवर बसून कुणी वाचला असेल असं मला तरी वाटत नाही. डोळे मिटून सही. एवढी पत या इमारतीत दुसऱ्या कुणाची आहे?"

ही स्तुती होती, आणि मनापासूनची होती. बनसोड्यांची छाती भरून यायला हवी होती. तसं झालं नाही. कुणीतरी आपल्या पाठीमागे उभं राहून आपली एक चूक व्हायची वाट बघतंय, असं धरून ते जगले होते. त्यांची मुलगी मैत्री, तिच्या शाळेतल्या एकाही स्नेहसंमेलनाला ते गेले नव्हते, कारण स्नेहसंमेलन नेमकं वार्षिक मोजणीच्या दिवसांत यायचं. आणि पाठीमागे कुणी उभंच नव्हतं. हेडक्लार्क केव्हाच वारले होते. त्यांच्यानंतर ती जागा रिकामी होती आणि बनसोडे त्या रिकाम्या जागेला वर्षानुवर्षं हिशेब देत होते. किती वर्षं? दहा? वीस?

"हे मला कुणी सांगितलं नाही, साहेब," ते म्हणाले.

"काय?"

"की कुणी बघत नाही म्हणून."

बनसोड्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसा असं कुणी म्हणायच्या आत ते बसले. या खोलीत ते आजवर कधी बसले नव्हते. त्यांनी तो कागद फिरवून साहेबांच्या बाजूला सुलटा केला.

"हा एक तरी वाचा."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की साहेबांनी मुकाट्याने चष्मा लावला. ते वाचू लागले. दुसऱ्या ओळीपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या, चौथ्या ओळीपाशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर कुठेतरी फोन वाजला, कुणीतरी आत डोकावून गेलं. बनसोडे खुर्चीच्या पाठीला पाठ टेकून बसले होते.

"अहो, हे तुम्ही स्वतःच्या हाताने..." साहेबांनी वाक्य अर्धं सोडलं. "खोडू का सही? अजून शिक्का मारलेला नाही."

"ते तुम्ही ठरवा. आता वाचलंय तुम्ही."

साहेबांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं, मग बनसोड्यांकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. मग कागद उचलून त्यांनी बाहेर जाणाऱ्या टपालाच्या तबकात ठेवला.

"ताशेरा लागेल, बनसोडे. सेवापुस्तकात लिहिला जाईल. मी काही करू शकणार नाही."

"लिहू द्या," बनसोडे म्हणाले. "तेवढ्यासाठी तरी कुणीतरी ते उघडेल."